दहा मिनिटांचा माणूस

वडगावात, चार मागांच्या खोलीत
भरमामामानं एकतीस वर्षं काढली.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
दर फेरीला कानातलं थोडं थोडं घेऊन गेला.
त्या खोलीत कुणी ओरडत नसे, उपयोगच नव्हता.
ओठ बघायचे.
मराठी ओठ वेगळे, कन्नड ओठ वेगळे,
मामाला दोन्ही येतात.
शांतव्वा हुद्दार कांड्या भरता भरता
नवऱ्याला शिव्या द्यायची,
तीन हात लांबून मामा मान हलवायचा.

आता माग भंगारात गेले.
मी माझा जुना मोबाईल त्याला दिला, कोपऱ्यात तडा गेलेला,
आणि एक दिवस येऊन बघते तर
मामा जपानी मालिका बघायलाय.
कशी लागली, त्यालाही ठाऊक नाही.
कुठल्याशा गावातलं औषधाचं दुकान,
मारामारी नाही, गाणं नाही,
एक बाई पिशवीची गाठ सोडतेय,
सोडतेय,
सोडतेच आहे.

म्हटलं, खाली इंग्रजीत येतंय, मी मराठीत सांगते.
तळहातावर लिहायला बोट टेकवलं,
मामानं हात काढून घेतला.
"नको. ते खालचं पुसता येतं काय बघ.
डोळे तिकडंच पळायलेत."

पुसलं.

ते ओठ मामाला वाचता येत नाहीत.
मग तो बाकीचं बघतो:
मान कितपत वाकली,
बूट काढताना हात भिंतीला लागला की नाही,
पेला दोन्ही हातांत धरून कोण किती वेळ गप्प राहिलं.
"हा खोटं बोलायलाय," म्हणतो,
आणि दोन भागांनंतर तो खरंच खोटं बोललेला असतो.
नायक त्याला पसंत नाही. "केस लई सांभाळतोय."

पसंत आहे एक म्हातारा नट.
कुठल्याही मालिकेत येतो, दहा मिनिटांपुरता.
कधी स्टेशनमास्तर, कधी मुलीचा बाप,
एकदा न्यायाधीश, तोही पाठमोरा.
"बघ, आला! मागच्या खेपेला मेला होता की!"
नाव मी दोनदा लिहून दिलं, मामाला ते काही पटलं नाही.
तो त्याला खासबागचा म्हणतो.
खासबागेत सूत रंगवणारा एक होता,
तसंच कपाळ म्हणे, तसेच सारखे पुसत राहणारे हात.

पाट्यांवरून भांडण पेटलं त्या संध्याकाळी
दुकानं अर्ध्या शटरवर होती.
शांतव्वा शेंगा घेऊन आली, मामाशेजारी टेकली.
विचारलं, काय कळतंय तुला?
"यल्ला तिळीतैति," म्हणाली. सगळंच.
आणि आम्ही तिघं दार लावून
कुणा परक्याच्या बापाचं ऑपरेशन बघत राहिलो.

परवा मामानं चित्र थांबवलं.
म्हाताऱ्याच्या गालावर बोट ठेवलं.
"ह्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही."
गोष्टीत तसं आहे?
"गोष्टीत नाही. ह्याला."

मागं नेऊन दाखवलं.
स्टेशनमास्तर, उजवा कान पुढं.
बाप, लेकीला कायम उजव्या हाताला बसवतो.
न्यायाधीश पाठमोरा, तरी खांदा फिरलेला.
आणि समोरचा बोलायला लागला की
नजर डोळ्यांवर नाही, ओठांवर.
"लोक म्हणत असतील, काय थांबतोय, काय काम करतोय!
तो शब्दाची वाट बघायलाय."

रात्री मी शोधत बसले.
जन्मगाव सापडलं, पहिलं नाटक, तांदळाची एक जाहिरात.
कानाबद्दल कुठंच काही नाही.

सकाळी मामाला तसं सांगितलं.
"कोण सांगतंय? काम जातं," म्हणाला.
"मी तरी शेठला कुठं सांगितलोय?"

आज टिळकवाडीत दुसऱ्या गेटला अडकलो.
मालगाडी संपता संपेना.
मी कान झाकले.
मामा डब्यांच्या फटींतून पलीकडं बघत होता,
तिकडं सायकल धरून कुणी एक उभा, मान जराशी कलती.
गेट उघडलं, सगळे एकदम सुटले.
मामा तिथंच.
मी मोजलं, पाचपर्यंत.
मग निघाला.